समुद्राच्या कुळातली, सह्याद्रीच्या कड्यावरची

नमस्कार श्रोतेहो.

ओहोटीला वरळीच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर जरा वाकून पाहा. भरतीच्या पाण्याची खूण संपते तिच्याही वर, जिथे लाटेचे नुसते शिंतोडे पोहोचतात, तिथे मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दगडाला चिकटून बसलेल्या दिसतील. त्यांच्या कुळाचं नाव लिट्टोरिनिडी. जगभरात या कुळाच्या सुमारे २०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक किनाऱ्याला धरून राहतात. कुणी खडकावर, कुणी खाडीतल्या तिवरांच्या खोडावर. पाणी ओसरलं की शंखाच्या तोंडावरचं झाकण घट्ट लावून घ्यायचं आणि पुढच्या भरतीची वाट पाहायची, हा यांचा रोजचा क्रम.

या एवढ्या मोठ्या कुळातून गोड्या पाण्यात गेली ती फक्त एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, क्रेम्नोकॉन्कस. आणि ती राहते आपल्या पश्चिम घाटात. जगात दुसरीकडे कुठेही नाही! मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण पावसाळ्यात आपण ज्या धबधब्यांकडे धाव घेतो, त्याच डोंगररांगेत तिचं घर आहे.

गोड्या पाण्यातली गोगलगाय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळं येतं, भातखाचर येतं. ही तिथे मिळायची नाही. हिला लागतो उभा, ओला कडा. समुद्रसपाटीपासून साधारण ३०० ते १४०० मीटर उंचीवर, धबधब्याचे तुषार जिथे सतत उडत असतात अशा कातळावर ती राहते. शंख बहुधा एक सेंटिमीटरपेक्षाही लहान. दगडावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो दातेरी जिभेने खरवडून खायचा. आता गंमत पाहा. पाय ठेवायला कातळ, अंगावर उडणारे तुषार, खायला शेवाळ. तिच्या भाऊबंदांना वरळीच्या खडकावर हेच तर मिळतं! फरक काय तो खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा. महाराष्ट्रातल्या कड्यांवर तर कातळसुद्धा तोच, दख्खनच्या लाव्हारसाचा काळा बेसाल्ट.

विल्यम ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये या गोगलगायीचं शास्त्रीय वर्णन केलं. प्रजातीला त्याने दिलेलं पहिलं नाव आधीच दुसऱ्या प्राण्यासाठी वापरलेलं होतं, म्हणून १८६९ मध्ये त्याने क्रेम्नोकॉन्कस हे नवं नाव दिलं. जातीचं नाव मात्र त्याने आपल्या डोंगरावरूनच ठेवलं, सह्याद्रेन्सिस.

त्यानंतर फार मोठा काळ या गोगलगायींकडे फारसं कुणी वळलं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी या प्रजातीचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला. शंख, झाकण, दातेरी जीभ, प्रजननाचे अवयव असं सगळं त्यांनी तपासलं. महाराष्ट्रातल्या तीन जाती आधी माहीत होत्या, कर्नाटकातल्या सहा नव्याने नोंदल्या गेल्या. त्यातल्या एकीचं नाव आगुंबेवरून आहे, तर एकीचं चक्क हनुमानावरून. या दोन गटांमध्ये जवळपास ५०० किलोमीटरचं अंतर आहे. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. एकाच रांगेतले डोंगर, एकच पाऊस, आणि तरी मधला एवढा मोठा पट्टा रिकामा.

आता काळजीची गोष्ट. तुषार पडतात तेवढाच कातळ ज्याचं जग आहे, त्या जिवाला हलायला जागा नसते. वरचा झरा अडवून पाणी पाइपात घेतलं, घाटरस्त्यासाठी कडा फोडला, धबधब्याखाली साबण लावून आंघोळी झाल्या, तर त्या कड्यावरची वस्ती संपू शकते. तळ्यातली गोगलगाय एखाद्या वेळी पुराबरोबर दुसरीकडे पोहोचेल. कड्यावरचीला शेजारचा कडासुद्धा दूर.

म्हणून या पावसाळ्यात माळशेजला जा, भीमाशंकरला जा, पण साबण, शाम्पू घरीच ठेवा. शेवाळलेल्या उभ्या दगडावर चढू नका. तिथे आपलेही पाय घसरतात आणि त्या जिवांचंही अन्न खरवडलं जातं. लांबूनच, वाकून, थोडं थांबून पाहा. असा इवलासा शंख दिसला तर तो उचलून आणू नका. फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि ती नोंद जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

नमस्कार.