राखण

श्रोतेहो, नमस्कार. पीक आणि पाखरं यांच्यामधला कायदा हा आजचा विषय. पण आधी मंगळवेढ्याला चला, माझ्या आत्याच्या शेतावर.

थंडीत शाळू हुरड्यावर आला की भोरड्या उतरतात. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे पक्षी शेकड्यांनी येतात आणि कणसांचा फडशा पाडतात. आत्या उजाडायच्या आत माळ्यावर चढायची. गोफणीत ढेकूळ घालून ते थव्याच्या पुढ्यात भिरकवायची, थव्यावर कधी नाही. एका वर्षी तिच्या मुलानं वैतागून बांधावर जाळं लावलं. सकाळी त्यात दोन भोरड्या अडकल्या होत्या. आत्या खाली उतरली, विळ्यानं जाळं कापलं, पाखरं सोडली. मुलगा चिडला, "आई, दाणं खात्यात की त्या!" ती म्हणाली, "मग हाकल. हाताला काय झालंय? नाकतोडं बी त्याच खात्यात." आणि पुन्हा माळ्यावर चढली. तिचं खरं होतं. भोरडी दाण्यांबरोबर टोळ आणि नाकतोडेही खाते.

आता कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारणं, विष घालणं, जाळ्यात धरणं, अंडी-घरटी मोडणं, सगळी शिकारच. पुन्हा सांगते, जाळ्यात धरणं हीसुद्धा शिकार. आत्या मात्र नुसती हाकलायची. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे दुसऱ्या यादीतला प्राणी किंवा पक्षी उभं पीक नासत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतात. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या बाबतीत पिकाचं कारण चालत नाही. कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली.

 

कायदा पाखराला वाचवतो, ते योग्यच आहे. पण राखणीची मजुरी एकट्या शेतकऱ्यानं का सोसायची? माझं म्हणणं आहे, परवानग्या वाढवू नका, राखणीला पैसे द्या. पाखरं सगळ्यांची, तर राखणीचा खर्चही सगळ्यांचा. या थंडीत मुंबईहून हुरड्याला जाल, तेव्हा माळ्यावरच्या बाईला तिची दिवसाची मजुरी जरूर विचारा.