पाणी बदलायचं सामान: आधी नळ बघा, मग दुकान

मासे पाळायची हौस सुटते ती बहुतेक घरांत पाणी बदलायच्या कंटाळ्याने. त्या कंटाळ्याला मी नावं ठेवणार नाही, काम खरंच जड आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी मावतं. आठवड्याला पाव हिस्सा बदलायचा तर 48 लिटर बाहेर आणि तेवढंच आत, म्हणजे जवळजवळ शंभर किलोची ने-आण. "फिल्टर आहे की" असं लोक म्हणतात. पण फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करून थांबतात. ते नायट्रेट साचत जातं आणि मुख्यतः पाणी बदलल्यानेच कमी होतं.

आता सामान. नळाच्या तोटीला जोडून एकाच नळीने टाकी उपसायची आणि भरायची, असे संच मिळतात. व्हिडिओत ते फार सोपं दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी ते नाही. टाकी उपसली जाते ती नळाच्या धारेच्या ओढीने, त्यात चांगलं पाणी मोरीत वाहून जातं. बेळगावात राकसकोप-हिडकलचं पाणी काही भागांत चोवीस तास असतं, पण बाकीच्यांना पाणी सुटायची वाट बघावी लागते. शिवाय क्लोरीनसकट पाणी थेट माशांवर पडतं, ते वेगळंच.

आपल्याला हवं बॅरल. पाणी आलं की भरा, एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात हायपो, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध, मिळतो. बोअरचं पाणीही लगेच ओतू नका, रात्रभर हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवा. डिसेंबरात अंगणातलं बॅरल सकाळी गारठलेलं असतं, तेव्हा दुपारी बदला.

बॅरलमधून टाकीत चढवायला छोटा पाण्यात बुडणारा पंप घ्या. इथेच लोक फसतात. खोक्यावर ताशी लिटर मोठ्या अक्षरात असतात, 'हेड' बारीक अक्षरात. पंप जास्तीत जास्त जितकी उंची गाठतो ती हेड, आणि त्या उंचीला धार शून्य होते. स्टँडवरच्या टाकीचा काठ जमिनीपासून साडेचार फूट असेल, तर नऊ-दहा फूट हेडचा पंप बघा. बॅरल रिकामं होत जातं तशी चढण वाढते.

उपसायला सायफन, दाबायचा फुगा असलेला. तोंडाने ओढू नका. सायफनच्या टोकाचं रुंद नळकांडं टाकीच्या तळातल्या खड्यांत खुपसलं की खडे उसळून गरगरतात, तपकिरी घाण नळीतून चढते आणि खडे परत खाली बसतात. मग पुढची जागा. नळी अर्ध्या इंचाची पुरे. एक इंचाच्या नळीचं तोंड चौपट, लहान टाकीत खडे साफ व्हायच्या आत पाणी संपतं.

हीटर आणि फिल्टर आधी बंद करा. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. पंपाचं बटण चालू असताना टाकीत हात घालायचा नाही, मुलांनाही हे सांगून ठेवा.

दोन फुटी टाकीवाल्यांनी पंप घेऊच नये. त्यांचा पाव हिस्सा चौदा लिटरचा, म्हणजे एक बादली. ती माशांसाठी वेगळीच ठेवा, साबणाचा हात लागू देऊ नका.