वाहत्या आकड्यांना विचारायचं कसं?

[दृश्य: जुलै महिना. फुगलेली मुठा, डेक्कनजवळचा भिडे पूल.]

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुणेकरांचा पहिला प्रश्न, 'भिडे पूल पाण्याखाली गेला का?' उत्तर तासाभरात शिळं होतं, म्हणून पुन्हा विचारायचं.

बँकेच्या नोंदी जागेवर असतात. एसक्यूएलमध्ये, म्हणजे साठवलेल्या नोंदींना प्रश्न विचारायच्या भाषेत, प्रश्न टाकला, उत्तर आलं, काम झालं. सेन्सरचे आकडे येतच राहतात, म्हणून इथं प्रश्नच मुक्काम ठोकतो. पण न संपणाऱ्या पावसाची सरासरी काढणार कशी? प्रश्नातच विंडो, म्हणजे वेळेची चौकट, घालतात: 'गेल्या दहा मिनिटांची सरासरी, दर मिनिटाला सांग.' स्टॅनफर्डच्या सीक्यूएल भाषेत ही सोय एसक्यूएललाच जोडली होती.

[दृश्य: टेमघरच्या बाजूचे डोंगर, धुकं.]

2003च्या आसपास बर्कली विद्यापीठात सॅम्युएल मॅडन आणि सहकाऱ्यांनी टायनीडीबी बनवलं, सेन्सरच्या जाळ्याला प्रश्न विचारायची प्रणाली. त्यांना चिंता बॅटरीची. रानातल्या चिमुकल्या यंत्राला आकडेमोड स्वस्त पडते, रेडिओवरून आकडा पाठवणं महाग. म्हणून प्रश्नच यंत्रांपर्यंत पाठवला, आणि किती वेळानं मोजायचं हेही त्यातच लिहिलं.

समजा, वरच्या टेमघर धरणापासून खडकवासल्यापर्यंत अशी पर्जन्यमापकं ओळीनं लावली. प्रत्येकानं आपला आकडा पुढं ढकलला, तर धरणाजवळच्या यंत्राची बॅटरी इतरांचे निरोप पोचवण्यातच संपेल. त्याऐवजी प्रत्येक यंत्र मागून दोनच गोष्टी घेतं: आतापर्यंतची बेरीज आणि ती किती यंत्रांची. स्वतःचा आकडा मिळवून पुढं देतं. भागाकार शेवटी, एकदाच. वाटेत सरासऱ्या काढत गेलो तर आठ यंत्रांचा पाऊस आणि एकट्याचा पाऊस सारख्याच वजनाचे ठरतील. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, मात्र या युक्तीला दाद देत नाही. नेमका हवा असेल तर त्याला नुसती बेरीज पुरत नाही.

आता घाटात रेंज गेली. दोन वाजताचा पाऊस अडीचला पोचला. वाहत्या आकड्यांवर काम करणाऱ्या फ्लिंकसारख्या आजच्या प्रणालीला, आकडा पोचल्याची नव्हे तर मोजल्याची वेळ धरायला सांगता येतं, आणि 'अमुक वेळेपर्यंतचं सगळं आलं असं समजा' अशी खूणही ठेवता येते. तिला वॉटरमार्क म्हणतात. त्यानंतर आलेला आकडा टाकायचा की दिलेलं उत्तर दुरुस्त करायचं, हे प्रश्न लिहिणाऱ्यानं ठरवायचं. नदीकाठच्या वस्तीला सावध करायचं असेल तर अडीचपर्यंत थांबणं परवडणार नाही. हंगामाचा हिशेब मांडायचा असेल, तर उशिरा आलेला पाऊसही धरायलाच हवा.