ठिपका बांधायचा की खोडायचा?

(दृश्य: वडोदरा, मांडवी. दुकानातल्या गादीवर न सोडलेली बांधणी.)

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत पैठणीच्या घडीशेजारी बांधणीही सापडते. मांडवीत ती दाखवतात गाठींसकट, चुरमडलेली. पसंत पडली की दोघं दोन टोकं धरून आडवी ताणतात, दोरे तडतड सुटतात.

(दृश्य: बांधणारे हात, जवळून.)

कापडाची चौपदरी घडी, गेरूची आखणी. नखाने चिमूटभर कापड उचलायचं, दोऱ्याचे वेढे करकचून आवळायचे आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे वळायचं. चार पदर, म्हणून एका गाठीचे चार ठिपके: ही एक कडी. मजुरीही कडीवर. पांढरे ठिपके बांधून कापड पिवळ्यात बुडवतात; मग पिवळे राखायचे ते बांधून लालमध्ये. गाठ सैल राहिली तर रंग आत शिरतो आणि ठिपका बुजतो.

(दृश्य: यंत्राचं जुनं रेखाचित्र.)

19व्या शतकात ग्लासगोला हेन्री मॉन्टीथच्या कारखान्यात हेच उलटं केलं. आधी सगळं कापड पक्क्या तुर्की लाल रंगात, मग ठिपका खोडायचा. 14 ताके एकावर एक, वर-खाली शिशाच्या पाट्या, दोन्हींत नक्षीची भोकं. दाब 300 टनांच्या वर. भोकांतून आम्ल घातलेलं क्लोरीनचं पाणी सोडायचं. नुसत्या क्लोरीनला हा लाल दाद देत नाही. दाबामुळे पाणी बाजूला झिरपत नाही, भोकापुरताच रंग उडतो. अशी 16 यंत्रं, माणसं चार, दहा तासांत प्रत्येकी 12 वारांचे 1,600 ताके. या कापडाच्या रुमालाचं नाव बँडाना. म्हणजे आपलं 'बांधणं'च. फक्त त्यात बांधलेलं काहीच नाही.

(दृश्य: नमुन्यांचा खंड.)

पुढे तर ब्रिटिश सरकारनेच गिरण्यांना नमुने पुरवले. 1866 साली लंडनच्या इंडिया म्युझियमचा प्रमुख फोर्ब्स वॉटसन याने तिथली हिंदुस्थानी कापडं कापून 700 तुकडे 18 खंडांत चिकटवले. 20 संच, त्यातले 13 ब्रिटनमध्ये, 7 इकडे. तुकड्यासोबत अख्ख्या वस्त्राची लांबी, रुंदी, वजन. गिरणीला आणखी काय हवं? स्कॉटलंडच्या लेव्हन खोऱ्यातून तुर्की लालवर छापलेले बांधणीचे ठिपके आणि मोर हिंदुस्थानात विकायला आले.

(दृश्य: पुन्हा मांडवी.)

शेजारच्या थप्पीत आजही छापील 'बांधणी' असते. तिचे ठिपके एकसारखे, कापड सपाट. बांधलेला ठिपका किंचित चौकोनी, वाकडा, बहुधा मधोमध रंगाचा टिंब. घडीमुळे नक्षी आरशासारखी उलटते. आणि हाताला चुण्या लागतात. निदान पारख होईपर्यंत तरी इस्त्री फिरवू नका.