नाव यादीत, माणूस आत

(दृश्य: पूर्व भाग, सोलापूर. अरुंद जिना, मतदान पथक वर चढताना.)

यंत्रमागाच्या कारखान्यावरचं हे घर. जिना असा, की एका वेळी एकच माणूस चढेल. पुढे कागदांची पिशवी घेतलेले अधिकारी, त्यांच्या मागे पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा सांभाळणारे मदतनीस, मग व्हिडिओवाला, शेवटी पोलीस. खाली मागांचा खडखडाट चालू आहे. साहेब काय विचारतात ते आजींना ऐकूच येत नाही. नातू कानाशी वाकतो आणि तेलुगूत सांगतो, "अव्वा, मतदानाला आलेत."

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूरचं मतदान 7 मे रोजी होतं. ज्यांचं वय 85 च्या पुढे आहे किंवा ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक आहे, त्यांनी आधी नमुना 12 ड हा अर्ज भरून दिला असेल, तर त्यांचं मत घरी येऊन घ्यायचं, अशी सोय त्या वर्षी होती.

(दृश्य: आजींचे हात, लिफाफे.)

बघा, काम किती निगुतीने चालतं. पलंगावरच आडोसा उभा राहतो. आधी घोषणापत्रावर अंगठा. मग मतपत्रिका आजींच्या हातात, आणि सगळ्यांनी तोंडं फिरवायची, नातवानेसुद्धा. खूण झाली की मतपत्रिकेची घडी लहान लिफाफ्यात, डिंक लावून बंद. तो लिफाफा आणि घोषणापत्र मोठ्या लिफाफ्यात, तोही बंद. डिंकाचं बोट आजी लुगड्याला पुसतात. पथक पुढच्या घराकडे निघतं. आल्यापासून जाईपर्यंत सगळं चित्रीकरणात आहे.

हे एवढं सावकाश दाखवलं, कारण आता ज्या तुरुंगाच्या दारापाशी जायचंय, तिथल्या बहुतेकांपर्यंत हे लिफाफे पोचत नाहीत.

(दृश्य: सोलापूर जिल्हा कारागृह, बाहेरून. मुलाखतीला आलेली माणसं.)

आत कॅमेरा नेता येत नाही. म्हणून हे बाहेरचंच: पिशव्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स, कडेवरची पोरं. जिल्हा कारागृहात गर्दी असते ती मुख्यतः कच्च्या कैद्यांची. म्हणजे ज्यांचा खटला चालू आहे किंवा अजून उभाच राहिलेला नाही, ते. लांब मुदतीची शिक्षा लागलेला पक्का कैदी इथून येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात जातो.

शिक्षा झाली की मत गेलं, असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62, पोटकलम 5 म्हणतं, की जो तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला मतदान करता येणार नाही. शिक्षा भोगत असो वा दुसऱ्या कशामुळे असो. सगळी मेख या 'दुसऱ्या कशामुळे' मध्ये आहे. खुनाची शिक्षा लागलेला माणूस अपिलात जामिनावर बाहेर असेल, तर रांगेत उभा राहून मत देतो. मोबाइल चोरीच्या आरोपाखाली आत असलेल्या पोराला जामीनदार मिळाला नाही, तर तो देत नाही. 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन.

या कलमाला एक अपवाद आहे, आणि तो ऐकून कॅमेरा धरलेला आमचा मित्रही हसला होता. प्रतिबंधात्मक कायद्याखाली, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून खटल्याशिवायच, स्थानबद्ध केलेल्या माणसाला मताचा अधिकार राहतो. हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठी महाराष्ट्रात 1981 चा एमपीडीए कायदा आहे. सोलापूरच्या पेपरात 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' ही बातमी नवी नाही. अशा माणसाला तुरुंगात टपाली मतपत्रिका मिळू शकते. तेच घोषणापत्र, तोच डिंक, तेच दोन लिफाफे. म्हणजे टपाली मतपत्रिका तुरुंगाच्या भिंतीआड जाऊ शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. ती कुणासाठी जावी, एवढाच काय तो वाद.

(दृश्य: मोहोळ, एसटी स्टँड, जुने प्रचारफलक.)

मोहोळ इथून जवळच. तिथले आमदार रमेश कदम 2015 पासून कोठडीत होते. 2019 ची विधानसभा ते तुरुंगातूनच अपक्ष म्हणून लढले आणि हरले. उमेदवारी चालली, पण स्वतःला मत देणं कायद्याने शक्य नव्हतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की ज्याला मत देता येत नाही त्याला उभंही राहता येऊ नये. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि तुरुंगातल्या उमेदवाराची वाट मोकळी केली. मतदाराची केली नाही. पुढे 2024 मध्ये तिहार तुरुंगातून इंजिनिअर रशीद बारामुल्लाचे खासदार झाले.

बंदी असावी म्हणणाऱ्यांची बाजू 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आहे. तुरुंगात मतदान घ्यायचं तर जादा पोलीस आणि जादा यंत्रणा लागेल. स्वतःच्या वागणुकीने आत गेलेल्याला बाहेरच्याइतकी मोकळीक मागता येत नाही. आणि गुन्हेगारी निवडणुकीपासून लांब राहिली पाहिजे. कोर्टाच्या आवारात एक काका आम्हाला म्हणाले, "ज्याच्या घरचा माणूस गेलाय, त्याला विचारा आधी." त्यांना कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण चारातल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही, आणि यंत्रणेचं म्हणाल तर त्या जिन्यावरून ती चढलीच की.

(दृश्य: चार हुतात्मा पुतळा, संध्याकाळची वाहतूक.)

सोलापुरात 'शिक्षा झालेला' म्हणताना जीभ जरा जपून वापरावी लागते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 च्या मार्शल लॉनंतर खटला चालला, कोर्टाने दोषी ठरवलं, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली. आज तुरुंगात असलेल्यांशी त्यांची तुलना कुणी करू नये, आम्हीही करत नाही. पण कागदोपत्री तेही दोषसिद्धच होते.

(दृश्य: सेटलमेंट फ्री कॉलनी. घरं, नळ, मतदार यादी चाळणारी बोटं.)

आणि ही सेटलमेंट. इथे तर गुन्हाही करावा लागत नव्हता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मच पुरेसा ठरवला. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, छप्परबंद. सोलापूरच्या गिरण्यांना कामगार हवे होते, सरकारला ही माणसं नजरेखाली हवी होती, दोघांचं जमलं. दिवसा गिरणीत पाळी, मग कुंपणात हजेरी. लहान पोराचंही नाव दप्तरात. चांगल्या वर्तणुकीचा शिक्का बसला, की कुटुंबाला तारेबाहेर राहायला मिळे. ती फ्री कॉलनी. पत्त्यात आजही हेच नाव लागतं.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला. देशभरातून तो गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. पण पहिली सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी 1952 मध्येच उरकली होती. म्हणजे हजेरीच्या यादीतून मतदारांच्या यादीत यायला इथल्या माणसांना जेमतेम दोन-अडीच वर्षं लागली. वर्तणुकीचा दाखला त्यांच्याकडे कुणी मागितला नाही. संविधानाने मागू दिला नाही. देश त्यामुळे बुडाला नाही, एवढं तर दिसतंच.

(दृश्य: चादरीच्या घड्या घालणारे हात. चेहरा नाही.)

विडी घरकुल वसाहतीतले हे मामा शिक्षा पुरी करून आलेत. चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांची अट. गुन्हा काय होता हे आम्ही विचारलं, त्यांनी सांगितलं, इथे सांगत नाही. चादर चार बोटांवर झटकून घडी कशी बसते, ते मात्र पाहा.

मतदानाचा विषय काढला, तर म्हणाले, "शिक्षा झालेल्याला कुठलं आलंय मत ओ?" त्यांच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या बीएलओ म्हणजे शेजारच्या अंगणवाडीच्या ताई. त्यांनी मोबाइलवर यादी उघडली. नाव जागच्या जागी. 2013 च्याच दुरुस्तीने हेही लिहून ठेवलंय, की आत असल्यामुळे मत देता आलं नाही, तरी यादीतलं नाव जात नाही. मामी आतून म्हणाल्या, "चिठ्ठ्या दर वेळी दोन यायच्या. मी माझी तेवढी घेऊन जायची. यांची डब्यात आहे बघा."

डबा निघाला. रेशन कार्ड, विजेची बिलं, आणि रबर लावलेल्या चिठ्ठ्या.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेला मामांनी मतदान केलं.

(दृश्य: शाईचं बोट. निवेदन चालू.)

बाहेर आलेल्या माणसाचं मत कायदा अडवतो ते मोजक्याच गुन्ह्यांसाठी, आणि ते बहुतेक निवडणुकीतलेच आहेत: मतं विकत घेणं, दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं, मतदारावर दडपण आणणं. त्यात दोषी ठरलेल्याला सहा वर्षं मत नाही. बाकी कुणीही, शिक्षा भोगून आलेला असो की जामिनावर असो, आपलं नाव 1950 या क्रमांकावर फोन करून विचारू शकतो. नाव गाळलं गेलं असेल, तर नाव नोंदवायचा अर्ज, नमुना 6, भरायचा. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. तुरुंगातून सुटल्याचा दाखला त्याला जोडावा लागत नाही.