श्रीखंडाचा चक्का आणि केशरी बन

(स्टॉकहोममधल्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर करून.)

मंडळी, नमस्कार. मागच्या टेबलावर झाकून ठेवलेले सेमला भाषण संपल्याशिवाय मिळणार नाहीत, असं कमिटीनं ठरवलंय. म्हणजे आज तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकणार!

सेमला म्हणजे वेलचीचा बन. त्याची टोपी कापायची, आतला गर बदामाच्या गोड लगद्यात कालवून परत भरायचा, वर फेटलेलं क्रीम, पुन्हा टोपी आणि पिठीसाखर. मुळात हा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपासाआधीच्या मंगळवारचा पदार्थ, आपली गटारी असते ना, तसा. आता मात्र नाताळ उरकला की दुकानात हजर. स्वीडनचा राजा अडोल्फ फ्रेडरिक 12 फेब्रुवारी 1771 रोजी, नेमक्या त्याच मंगळवारी, जेवला आणि गेला. पानात लॉब्स्टर, कॅव्हिआर, हेरिंग, शॅम्पेन आणि शेवटी गरम दुधातले हे बन. अडीचशे वर्षं बदनामी चाललीय ती बनचीच.

लहानपणी साताऱ्याला आमच्या घरी ओव्हन नव्हता. दिवाळीत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या डब्यातून नानकटाई घेऊन यायचं. तीच चव इथं 'द्रोम्मार' नावाच्या बिस्किटात सापडली. जिभेवर ठेवलं की विरघळतं. गंमत त्यातल्या फुगवणाऱ्या पुडीची. तिचं नाव 'हरणाच्या शिंगांचं मीठ', कारण पूर्वी ती खरोखर शिंगांपासून काढत. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, आता ती कारखान्यात बनते. भाजताना मात्र अमोनियाचा असा भपकारा येतो की पहिल्यांदा मी खिडक्या उघडून बाहेर उभी राहिले. थंड झाल्यावर वास नावालाही उरत नाही. ही पुडी पातळ, कोरड्या बिस्किटांपुरतीच. जाड केकमध्ये घातलीत तर तो वास आतच कोंडतो.

25 मार्चला वॉफल. मेरीमातेच्या सणाचं नाव 'वोर्फ्रुडागेन', बोलता बोलता त्याचं 'वॉफेलडागेन' झालं आणि सगळा देश वॉफल खायला लागला. अपभ्रंशाचा इतका चविष्ट उपयोग मी दुसरा पाहिला नाही. उन्हाळ्यात ओव्हनला सुट्टी, स्ट्रॉबेरी आणि क्रीम. 4 ऑक्टोबरला दालचिनीच्या बनचा दिवस, तो 1999 पासूनचा, अगदी अलीकडचा. अर्धा लिटर कोमट दुधाला 50 ग्रॅम ताजं यीस्ट, एवढं प्रमाण पाठ करा. आणि वेलचीची पूड विकत घेऊ नका. इथं सोललेले दाणे मिळतात, ते खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. दाताखाली कण आला पाहिजे.

आता डिसेंबर. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो आणि 13 तारखेला लुसिया येते, म्हणजे संत लुसियाचा, उजेडाचा सण. तेव्हाचे केशरी बन म्हणजे 'लुसेकत्तेर', इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा. केशराची अर्ध्या ग्रॅमची पुडी मिळते, तशा दोन घातल्या. साखरेबरोबर खलायचं, हे तर मला आईनंच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी बन झकास, दुसऱ्या दिवशी दगड! शेजारच्या आजी एक तुकडा मोडून म्हणाल्या, "केशर ओलावा खातं. क्वार्ग घातलंस का?"

क्वार्ग? म्हणजे इकडचा चक्काच की! माझ्या स्वयंपाकघरात नळावर पंचात बांधून तेच तर टांगलेलं होतं! संध्याकाळी पाहुणे होते, श्रीखंड करायचं होतं. आजींनी पुरचुंडी बोटानं दाबून पाहिली, मान डोलावली, आणि मी चक्का सगळाच्या सगळा नव्या पिठात ढकलला. ते बन तीन दिवस मऊ राहिले. पुऱ्यांची कणीक आधीच मळून झाली होती. त्या पाहुण्यांनी बटाट्याच्या भाजीशी खाल्ल्या, आणि त्यातले दोघं आज पहिल्या रांगेत बसलेत, ते अजून ऐकवतात.

चला, काढा ते झाकण.