कोच नेमताना एक, काढताना दुसरा

(न्यू जर्सीतल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आपली मुलं आणि हायस्कूलमधले खेळ’. मी तो परस्पर लहान करून घेतलाय. मुलांबद्दल बोलायला तुम्ही सगळे आहातच. मी बोलणार आहे हेड कोचबद्दल. त्याला नेमतं कोण, काढतं कोण आणि कशावरून?

सहा वर्षं मी आमच्या गावच्या स्कूल बोर्डावर होते, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळावर. अर्थसंकल्पाच्या बैठकीला पंधरा माणसं यायची, तीही बर्फ नसेल तर. फुटबॉलच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, कोचचा विषय असला की खुर्च्या कमी पडायच्या, मागे भिंतीला टेकून लोक उभे. करोडो डॉलर कुठे जातात याची कुणाला पडलेली नसे. ‘चौथ्या डाऊनला त्याने पंट का केली’, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात पुढे न घुसता चेंडू लाथाडून समोरच्या संघाला का देऊन टाकला, यावर मात्र एक गृहस्थ माइकसमोर तीन मिनिटं बोलले होते आणि वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला याचं नवल जास्त वाटायचं, कारण माझे वडील साताऱ्याकडच्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. बत्तीस वर्षं. त्यांच्या कामाची पारख कुणी कधी केलीच नाही. गणिताचा पोर्शन मागे पडला की पी.टी.चा तास गणिताकडे. २६ जानेवारीला लेझीम नीट बसलं की वर्ष पार पडलं. कबड्डीचा संघ जिल्ह्याला गेला तर शाल आणि नारळ, नाही गेला तर काहीच नाही. त्यांना कुणी काढलं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं. इथे उलटं आहे. इथे सगळं गाव बघत असतं, पण बघतं ते फक्त शुक्रवारी रात्रीच्या सामन्यात आणि फक्त दिव्यांखालचं.

आधी कारभार सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की कोच म्हणजे पगारी मोठा माणूस. टेक्सासमध्ये तसं आहे, तिथे मोठ्या शाळांच्या फुटबॉल कोचला वर्षाला एक लाख डॉलरच्या वर मिळतात. आपल्या न्यू जर्सीत सरकारी शाळेतला कोच बहुतेक वेळा शाळेतलाच शिक्षक असतो. इतिहास शिकवतो, गाडी चालवायचे नियम शिकवतो आणि वर कोचिंगचं मानधन घेतो. ते काही हजार डॉलर असतं, फुटबॉलला दहा हजारांच्या आसपास. तासांनी भागलं तर आपली मुलं बर्गर विकून जास्त कमावतील. शिक्षक म्हणून त्याची नोकरी कायम असते. कोच म्हणून मात्र दर वर्षी नव्याने नेमणूक. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेचा क्रीडाप्रमुख, नाव सुचवतो, सुपरिंटेंडंट, म्हणजे गावच्या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, शिफारस करतो, बोर्ड मत देतं. सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय बोर्ड स्वतःहून कुणाला नेमू शकत नाही. त्याच्याबद्दल बंद दाराआड चर्चा करायची असली, तर आधी त्याला नोटीस द्यावी लागते. तिला इथे ‘राइस नोटीस’ म्हणतात, १९७७ च्या एका खटल्यावरून. आपली चर्चा उघड्यावर व्हावी असं त्याने म्हटलं, तर ती उघड्यावर होते.

म्हणजे कागदावर व्यवस्था ठीक आहे. खोट दुसरीकडे आहे. नेमताना आम्ही विचारतो, तुमचं तत्त्वज्ञान काय, मुलांना काय शिकवाल, अभ्यासाचं काय कराल. काढताना एकच कागद समोर असतो, किती जिंकले आणि किती हरले. नेमलेला माणूस एक आणि काढलेला दुसराच. त्या बिचाऱ्याला आपली परीक्षा कोणत्या विषयाची आहे हे निकालाच्या दिवशी कळतं.

नेमण्यातच आम्ही कसे चुकतो, ते बघा. अर्ज आले की पहिली चाळण लागते ती ‘स्वतः कुठे खेळलाय’ याची. विद्यापीठात खेळलेला, त्यातून मोठ्या संघात, की सगळे सरसावून बसतात. आचरेकर सर आठवा. रमाकांत आचरेकर आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. स्टेट बँकेत नोकरी, शिवाजी पार्कवर नेट्स, आणि स्कूटरवर मागे सचिनला बसवून या मैदानावरून त्या मैदानावर. त्यांचा अर्ज आमच्या चाळणीतून खालीच पडला असता. कॅलिफोर्नियात डी ला साल नावाची शाळा आहे. तिच्या फुटबॉल संघाने तोवर एकाही हंगामात हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नव्हते. १९७९ मध्ये त्यांनी बॉब लादुसर नावाच्या पंचविशीतल्या मुलाला नेमलं. आधी तो कुठेही हेड कोच नव्हता, वर शाळेत शिकवायचा धर्माचा विषय. पुढे १९९२ ते २००४ या काळात तो संघ सलग १५१ सामने हरला नाही. याचा अर्थ अनुभव नसलेल्यालाच घ्या असा नाही, नाहीतर घरी जाऊन माझं नाव सांगाल. अर्जावर जे मोठ्या अक्षरात असतं त्यातून फार थोडं कळतं, इतकंच.

आमच्या निवड समितीत पालकांचा प्रतिनिधी असायचा, एखादा माजी खेळाडू, ॲथलेटिक डायरेक्टर, आणि बोर्डाकडून मी. फुटबॉलमधलं मला तेव्हा यथातथाच कळत होतं. नवऱ्याने आदल्या रात्री मीठदाणी, मिरपूड आणि लोणच्याची बरणी टेबलावर मांडून मला बचावफळी समजावली होती. म्हणून मी माझ्या अकलेतला प्रश्न विचारायचे. ‘गेल्या हंगामात तुमच्या संघात सगळ्यात कमी खेळलेला मुलगा कोण? तो सध्या काय करतोय?’

एक उमेदवार आला होता, कपाटभर करंडकांचा धनी. तो थांबला, हसला आणि म्हणाला, ‘आमच्याकडे प्रत्येक मूल महत्त्वाचं असतं.’ दुसरा एक, जिंकण्या-हरण्यात निम्मा-निम्मा, तोही थांबला. मग त्याने नाव सांगितलं. मुलगा जाड होता, दमायचा. आईला रात्रपाळी, म्हणून सरावानंतर त्याला कोणीतरी घरी सोडायचं. तिसऱ्या वर्षी तो सामन्यांचं चित्रीकरण करायला लागला आणि आता कॉलेजात तेच शिकतोय. त्याला बोलायचं होतं अजून. आम्हीच थांबवलं, पुढचा उमेदवार बाहेर बसला होता.

आम्ही दुसऱ्याला नेमलं. बोर्डात मतं तीन विरुद्ध दोन.

आता जिंकण्याकडे येते. कॉलेजचा कोच देशभर हिंडून मुलं निवडतो. सरकारी हायस्कूलचा कोच हिंडत नाही. त्याला शाळेच्या हद्दीत राहणारी मुलं मिळतात, बस्स. एखाद्या वर्षी गावात धिप्पाड मुलं एकाच इयत्तेत येतात, एखाद्या वर्षी तीच मुलं लाक्रॉसला जातात. आपल्या वस्त्या वाढल्या त्या गावांत टेनिसचे संघ भक्कम झाले आणि फुटबॉलला मुलं कमी पडू लागली. यात कोचने काय बिघडवलं? खासगी शाळांना गावाची हद्द नसते. राज्य स्पर्धेत त्यांचे गट म्हणून तर वेगळे असतात.

खासगी म्हटलं की जर्सी सिटीचे बॉब हर्ली आलेच. आपण ज्या न्यूअर्क ॲव्हेन्यूवर डाळ-तांदूळ आणि साड्या घ्यायला जातो, त्याच रस्त्यावर खाली एक व्हाइट ईगल हॉल आहे. सेंट अँथनी या गरीब कॅथलिक शाळेला स्वतःचं जिमच नव्हतं, तेव्हा तिची मुलं त्या बिंगोच्या हॉलमध्ये बास्केटबॉलचा सराव करायची. हर्ली नोकरीने प्रोबेशन ऑफिसर होते. सकाळी गुन्ह्यात सापडलेली मुलं बघायची, संध्याकाळी न सापडलेली. त्यांनी अकराशेच्या वर सामने जिंकले, राज्याची पंचवीसहून जास्त विजेतेपदं मिळवली, २०१० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. आणि २०१७ मध्ये पैशांअभावी शाळाच बंद पडली. एवढं जिंकूनसुद्धा.

मग कोचला तपासायचं कशावर? इथे मला आपल्या न्यू जर्सीतल्याच सेअरव्हिल गावाबद्दल बोलावं लागेल. ते इथून किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातले काही जण तिथलेच असाल. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सुपरिंटेंडंटने हायस्कूलचा अख्खा फुटबॉल हंगाम रद्द केला. लॉकर रूममध्ये मोठी मुलं लहानांना अंधारात गाठून जे करत होती, त्याचं इथे वर्णन करत नाही. सात खेळाडूंवर आरोप दाखल झाले, हेड कोच निलंबित झाला. हा काही हरणारा संघ नव्हता, नुकती विभागीय विजेतेपदं मिळवलेला होता. ब्लीचर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवर, बसून ते कुणाला दिसलं असतं? धावफलकावर तर नाहीच. त्या वेळी गावातले लोक, मुलांचे आईबाप, हंगाम परत द्या म्हणून सभेत भांडायला आले होते. मी ते वाचत होते आणि मनात म्हणत होते, आमच्याही लॉकर रूममध्ये सरावानंतर कोण मोठं माणूस असतं, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. उत्तर यायला चार दिवस लागले. म्हणजे उत्तर कळलंच की.

त्यानंतर मी मुलाखतीत दोन रुक्ष प्रश्न वाढवले. सराव संपल्यावर शेवटचा मुलगा बाहेर पडेपर्यंत कोण थांबणार? आणि ऑगस्टमध्ये, उन्हाने कोसळलेल्या मुलाला लगेच थंड करायचा बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवणार? केंटकीत लुईव्हिलला २००८ च्या ऑगस्टमध्ये सरावाच्या धावण्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा उन्हाने कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. कोचवर फौजदारी खटला चालला. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, तरी पोरगं गेलं ते गेलंच. टबाच्या प्रश्नाला जो उमेदवार ‘ते ट्रेनर बघतील’ म्हणायचा, त्याच्या नावापुढे मी छोटी फुली मारायचे.

आणखी एक आकडा आहे, तो कुणी मागत नाही. नववीत संघात आलेल्या मुलांपैकी बारावीत किती उरली? दहा-पंधरा मिनिटांत निघतो, सगळ्या याद्या ऑफिसात असतात. सोडून गेलेल्यांतल्या चौघांना फोन केला तर कोचबद्दल जे कळतं, ते दहा सामने बघून कळत नाही. जिंकणारा कोचही याच कारणांनी जाऊ शकतो. व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला १९७१ मध्ये काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून तीन हायस्कूलच्या वरच्या इयत्ता एकाच शाळेत आणताना बिल योस्ट या गावच्या लाडक्या गोऱ्या कोचला डावलून हर्मन बून या काळ्या कोचला नेमलं. त्याच वर्षी संघ एकही सामना न हरता राज्यात पहिला आला. पुढे ‘रिमेंबर द टायटन्स’ हा सिनेमा निघाला, तो तुम्ही पाहिला असेल. सिनेमात नाही ते असं, की १९७९ मध्ये खेळाडूंशी वागण्याच्या तक्रारींवरून त्याच बून यांना त्या पदावरून जावं लागलं.

आता आपल्याबद्दल, रागावू नका. बोर्डाकडे आपल्या लोकांच्या येणाऱ्या तक्रारी मी वाचल्यात. दहापैकी आठ एकाच गोष्टीच्या. माझ्या मुलाला खेळवत नाही. रात्री साडेअकराला लिहिलेल्या, मुद्देसूद, सोबत तक्ता. एकाने तर मुलगा किती मिनिटं खेळला याचा आलेख जोडला होता. कोच मुलाला घालून-पाडून बोलतो, दुखापत लपवायला लावतो, अशी तक्रार आली तर राज्यात २०११ पासून छळविरोधी कडक कायदा आहे आणि तो कोचलाही लागू पडतो. तिथे मागे हटू नका. पण मिनिटांची तक्रार त्या कायद्याच्या कपड्यात आणू नका. खरी तक्रार आली तेव्हा ती त्या ढिगात दबली होती, हे मी पाहिलंय.

त्या तीन-दोनने नेमलेल्या कोचचं पुढे काय झालं, ते राहिलं. पहिल्या वर्षी दोन विजय, आठ पराभव. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन. हॉलमध्ये भिंतीला टेकून लोक उभे राहायला लागले. सुपरिंटेंडंटने त्याचं नाव पुढच्या वर्षासाठी पाठवलं. नोटीस गेली. त्याने चर्चा उघड्यावर मागितली नाही, मागितली असती तर कदाचित आम्हाला लाज वाटली असती. मी विरोधात मत दिलं. नोव्हेंबरात माझी निवडणूक होती. दुसरं कारण आजही मला सापडत नाही. याद्या मी नंतर काढल्या, म्हणजे ज्या क्रमाने करायला नको त्या क्रमाने. त्याच्या तीन वर्षांत संघ सोडून गेलेली मुलं होती चार. नव्या कोचच्या पहिल्या वर्षात अकरा. त्या वर्षी आम्ही सहा सामने जिंकलो.

तो शाळेतच आहे, शिक्षकाची नोकरी कायमची. पुढच्या वर्षी माझ्या मुलीला अमेरिकेच्या इतिहासाला तोच होता. पालकसभेत त्याच्यासमोर पाच मिनिटं बसले. मुलगी वर्गात कमी बोलते, पण चांगली लिहिते, म्हणाला. मागच्या बाकावरच्या एका नव्या मुलीला ती इंग्रजी समजावून सांगते, ते तुम्हाला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं.